टर्म्स ऑफ सर्व्हिस वेगळं, कोड ऑफ कंडक्ट वेगळं: दोन्ही कसं वाचायचं

ऑनलाइन ग्रुपमधे भांडण पेटलं की दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, "हे टर्म्सच्या विरोधात आहे, थांब, रिपोर्टच करतो." दुसरं, "बोलायचा हक्क आहे मला, तुम्ही मला काढूच शकत नाही." बोलणारे दोघेही अगदी ठाम असतात आणि बऱ्याचदा दोघांनीही चुकीच्या कागदावर बोट ठेवलेलं असतं. टर्म्स ऑफ सर्व्हिस हा एक कागद, कोड ऑफ कंडक्ट हा दुसरा, आणि देशाचा कायदा ही तिसरीच गोष्ट. ह्यांची सरमिसळ झाली की ज्याला खरोखर मदत हवी असते तो नको त्या ठिकाणी दाद मागत बसतो आणि दमून ग्रुप सोडून जातो. मॉडरेशन, म्हणजे ग्रुपमधल्या पोस्ट आणि तक्रारी बघायचं काम, करताना हे इतक्यांदा बघितलंय की एकदा सगळं सुटं करून लिहावंसं वाटलं.

भाड्याचं घर डोळ्यासमोर आणा. घरमालकाबरोबर, म्हणजे साइट किंवा अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीबरोबर, केलेला करार म्हणजे टर्म्स ऑफ सर्व्हिस, आणि त्या घरात एकत्र राहणाऱ्यांनी आपापसात ठरवलेलं, की रात्री आवाज करायचा नाही, दुसऱ्याच्या वस्तूंना न विचारता हात लावायचा नाही, ते म्हणजे कोड ऑफ कंडक्ट. मालकाचा करार मालकाच्या वकिलाने मालकाला सांभाळायला लिहिलेला असतो. आपापसातले नियम राहणाऱ्यांना सांभाळायला असतात. आणि तुम्ही आपापसातले नियम कितीही नीट पाळले तरी करार मोडला तर मालक सगळ्यांना बाहेर काढू शकतो, ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आधी टर्म्स बघू. टर्म्स कोणी वाचत नाही हे सगळ्यांनाच माहितीय, पण किती वाचत नाही ते ऐकून मला धक्का बसला होता. २०१० साली १ एप्रिलला गेमस्टेशन ह्या ब्रिटनमधल्या गेम विकणाऱ्या कंपनीने आपल्या अटींमधे एक कलम घुसवलं, की ऑर्डर देणाऱ्याचा अमर आत्मा आता कंपनीच्या मालकीचा. नको असेल तर टिक करून नकार द्यायची सोयही होती, तरी सुमारे ७,५०० लोकांनी आत्मा देऊन टाकला. नंतर जोनाथन ओबार आणि अ‍ॅन ओल्डॉर्फ-हिर्श ह्या दोन संशोधकांनी ५४३ विद्यार्थ्यांना एका खोट्या सोशल नेटवर्कवर साइनअप करायला लावलं, टर्म्समधे लिहिलं होतं की फी म्हणून तुमचं पहिलं अपत्य आम्हाला द्यावं लागेल. टर्म्स वाचायला लोकांनी सरासरी ५१ सेकंद दिले आणि ९८ टक्के लोकांना ते कलम दिसलंच नाही. ह्यात मी वाचणाऱ्याला दोष देत नाही. इतका लांब आणि असल्या भाषेत लिहिलेला मजकूर माणूस वाचणार नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं, त्यामुळे जबाबदारी त्याच्याकडेही आहेच.

न वाचता "आय अ‍ॅग्री" दाबलं तरी करार होतो का? बहुतेक ठिकाणी हो. कोर्टं एवढंच बघतात की अटी आहेत हे तुम्हाला नीट दिसत होतं का आणि होकार देणारी कृती तुम्ही केली का. २००२ साली अमेरिकेत नेटस्केप ह्या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीविरुद्धच्या केसमधे लोकांनी अटी मान्य केल्या होत्या हे कंपनीचं म्हणणं कोर्टाने फेटाळलं, कारण डाउनलोडचं बटन वर होतं आणि अटींची लिंक खूप खाली, स्क्रोल केल्याशिवाय दिसणारच नाही अशा जागी. म्हणजे बटनाच्या शेजारी चौकोन असेल आणि तुम्ही स्वतः टिक केलं असेल तर करार पक्का समजायचा, नुसतं पानाच्या तळाशी बारीक अक्षरात "ही साइट वापरली म्हणजे अटी मान्य" असं लिहिलेलं असेल तर त्यावर वाद घालता येतो.

सगळं वाचायला वेळ नसेल तर मजकुराच्या लायसन्सचं, म्हणजे तुम्ही टाकलेला मजकूर वापरायच्या परवानगीचं, कलम तरी वाचाच. ते साधारण असं असतं: तुमच्या मजकुराची मालकी तुमचीच, पण तुम्ही आम्हाला जगभर लागू असलेलं, मोफत, कायमस्वरूपी, आमच्याकडून पुढे इतरांना देता येईल असं, एक्सक्लुझिव्ह नसलेलं लायसन्स देता, ज्याखाली आम्ही तो मजकूर साठवू, कॉपी करू, बदलू आणि दाखवू शकतो. आता हे एकेक करून बघा. "साठवू आणि कॉपी करू" ह्याशिवाय तुमचा फोटो दुसऱ्याच्या फोनवर दिसणारच नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. "बदलू" ह्यात फोटोचा आकार लहान करणं, व्हिडिओचा फॉरमॅट बदलणं, भाषांतर करणं हे सगळं येतं. "एक्सक्लुझिव्ह नसलेलं" हे तर तुमच्याच फायद्याचं, म्हणजे तोच लेख तुम्ही दुसरीकडेही टाकू शकता. खरी मेख उरलेल्या दोन शब्दांत आहे. "पुढे इतरांना देता येईल" म्हणजे ज्या तिसऱ्या कंपनीचं नावही तुम्ही ऐकलेलं नाही तिच्या हातात तुमचं लिखाण जाऊ शकतं, आणि "कायमस्वरूपी" म्हणजे तुम्ही पोस्ट डिलीट केली तरी दिलेली परवानगी परत येत नाही. काही टर्म्समधे मजकूर डिलीट केला की लायसन्स संपतं असं स्पष्ट लिहिलेलं असतं, काहींमधे नसतं, आणि हा फरक केवढा मोठा आहे ते वेळ आल्यावरच कळतं.

अशी वेळ आलेली आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रोग्रॅमर लोक वर्षानुवर्षं एकमेकांच्या प्रश्नांना फुकट उत्तरं देत आले. २०२४ च्या मे महिन्यात कंपनीने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयबरोबर भागीदारी जाहीर केली, आपली उत्तरं एआयसाठी वापरली जाणार म्हणून काही जण चिडले आणि त्यांनी स्वतःचीच उत्तरं पुसायला, खराब करायला घेतली. झालं काय, तर उत्तरं पूर्ववत केली गेली आणि अशा काहींची अकाउंट सस्पेंड झाली. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या लायसन्सखाली दिलेला असतो आणि एकदा दिलेलं ते लायसन्स मागे घेता येत नाही. माझी सहानुभूती पूर्णपणे त्या लिहिणाऱ्यांकडे आहे, पण कागद कंपनीच्या बाजूने होता. उलटंही घडतं बरं का. २०१२ च्या डिसेंबरमधे इन्स्टाग्रामने अटी बदलल्या, लोकांना वाटलं आपले फोटो जाहिरातींसाठी विकले जाणार, इतका आरडाओरडा झाला की काही दिवसांतच कंपनीने ती भाषा मागे घेतली. म्हणजे सगळे मिळून बोलले तर फरक पडतो, आणि बोलण्यासाठी आधी कलम दिसायला हवं.

बाकीची कलमं भरभर. "आम्ही ह्या अटी कधीही बदलू शकतो" हे जवळपास सगळीकडे असतं, प्रश्न असा की बदलल्यावर तुम्हाला कळवणार का आणि किती दिवस आधी. २०१२ साली झॅपोस ह्या ऑनलाइन विक्रेत्याच्या केसमधे अमेरिकन कोर्टाने अटींमधलं लवादाचं कलम लागू करायला नकार दिला, कारण ग्राहकांनी अटींना कुठेही स्पष्ट होकार दिला नव्हता, वर कंपनीने त्या वाटेल तेव्हा बदलायचा हक्क फक्त स्वतःकडे ठेवला होता. लवादाचं कलम म्हणजे वाद झाला तर कोर्टात न जाता खासगी लवादाकडे जायचं, आणि बऱ्याचदा एकेकट्याने, ग्रुपने नाही. वयाची १३ वर्षांची अट जिथेतिथे दिसते ती अमेरिकेच्या १९९८ च्या मुलांच्या प्रायव्हसीच्या कायद्यामुळे, तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायची तर पालकांची परवानगी लागते, म्हणून कंपन्या सरळ "तेराच्या खाली प्रवेश नाही" लिहून मोकळ्या होतात. आणि "कुठल्याही कारणाने किंवा कारणाशिवाय अकाउंट बंद करू शकतो" हे कलम असेल तर ते शोधून वाचाच, कारण तुमची वर्षानुवर्षांची ओळख, मेसेज, फोटो सगळं त्या एका ओळीवर लटकलेलं असतं. वाचायला मदत हवी असेल तर टर्म्स ऑफ सर्व्हिस, डिडन्ट रीड नावाचा प्रकल्प २०१२ पासून चालू आहे, ते लोक मोठ्या साइट्सच्या अटी वाचून सोप्या मुद्द्यांत मांडतात आणि ए ते ई अशी ग्रेड देतात.

आता कायद्याचं. टर्म्स मोडणं म्हणजे गुन्हा नाही. मायस्पेस ह्या सोशल साइटवर खोटं प्रोफाइल बनवल्याच्या एका गाजलेल्या केसमधे टर्म्स मोडल्या म्हणून हॅकिंगच्या कायद्याखाली अमेरिकेतल्या ज्युरीने एका बाईला दोषी धरलं होतं, २००९ साली न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला. २०२१ मधे व्हॅन ब्युरन ह्या दुसऱ्या केसमधे तिथल्या सुप्रीम कोर्टानेही म्हटलं की ह्या कायद्याचा इतका ताणून अर्थ लावला तर लाखो साधी माणसं गुन्हेगार ठरतील. पण टर्म्स मोडताना केलेली गोष्ट, म्हणजे धमकी, फसवणूक, कोणाचे खासगी फोटो पसरवणं, ही मुळातच गुन्हा असू शकते, आणि अशा वेळी मॉडरेटरला रिपोर्ट करून थांबायचं नसतं, पोलिसांकडे जायचं असतं. हे मी मुद्दाम लिहितोय कारण धमकी आलेली माणसं दिवसचे दिवस अ‍ॅडमिनच्या उत्तराची वाट बघत बसतात.

आणि ते बोलण्याचं स्वातंत्र्य? तो हक्क मुख्यतः सरकारने तुमचं तोंड बंद करू नये ह्यासाठी असतो. खासगी ग्रुपने तुमची पोस्ट काढली तर सहसा तो हक्क मोडला असं होत नाही. अमेरिकेत तर १९९६ च्या सेक्शन २३० प्रमाणे लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी प्लॅटफॉर्मला प्रकाशक धरलं जात नाही आणि चांगल्या हेतूने आक्षेपार्ह मजकूर काढला तरी त्याला संरक्षण आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्या तिथल्याच, त्यामुळे ह्याचा परिणाम सगळीकडे जाणवतो.

आता कोड ऑफ कंडक्ट, जो मला जास्त जिव्हाळ्याचा विषय वाटतो. ऑनलाइन कसं वागावं ह्याचे सल्ले जुने आहेत, १९९५ मधे आरएफसी १८५५ ह्या नावाच्या दस्तऐवजात नेटिकेटच्या, म्हणजे नेटवरच्या शिष्टाचाराच्या, सूचना निघाल्या होत्या. पण सल्ला देणं वेगळं आणि कोणी तो मोडला तर काय करायचं हे ठरवणं वेगळं. लॅम्बडामू नावाचं एक नुसत्या मजकुरावर चालणारं आभासी जग होतं, झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतल्या पॅव्हेल कर्टिस ह्यांनी उभारलेलं. तिथल्या अ‍ॅडमिन लोकांनी १९९२ च्या शेवटी जाहीर केलं की सदस्यांच्या आपापसातल्या भांडणांत आता आम्ही पडणार नाही, आम्ही फक्त तांत्रिक कामं बघू. काही महिन्यांतच एका सदस्याने एक छोटा प्रोग्रॅम वापरून दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावाने सगळ्यांसमोर लैंगिक अत्याचाराची वर्णनं दाखवली. लोक हादरले, मोठी सभा झाली, पण निर्णय घ्यायची पद्धतच नव्हती त्यामुळे तासन्‌तास चर्चा होऊनही काही ठरेना, शेवटी एका अ‍ॅडमिनने स्वतःच्या जबाबदारीवर ते अकाउंट उडवलं. त्यानंतर कर्टिस ह्यांनी अर्ज आणि मतदानाची व्यवस्था आणली. असं वागणं वाईट हे त्या सभेत बहुतेकांना कळत होतं, कमी होती ती कोणी आणि कसं ठरवायचं ह्याची.

आजही तेच आहे. लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्या लोकांनी २०१५ मधे कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट नावाची छोटी टिपण आणली होती, एकमेकांशी चांगलं वागा छापाची, पण मेलिंग लिस्टवरच्या, म्हणजे त्यांच्या ईमेलवरच्या चर्चेतल्या, कडक भाषेत फार फरक पडला नाही. सप्टेंबर २०१८ मधे ती जाऊन तिथे कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट ह्या तयार नमुन्यावर आधारलेला कोड आला, त्याच दिवसांत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी स्वतःच्या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागून काही काळ सुट्टी घेतली. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाची सगळ्या प्रकल्पांसाठीची आचारसंहिता २०२१ मधे आली, पण तिची अंमलबजावणी कशी करायची ह्याचे नियम ठरायला सदस्यांचं मतदान, मग दुरुस्ती, मग पुन्हा मतदान असं करत २०२३ उजाडलं. काय करू नये ह्याची यादी लिहिणं त्या मानाने सोपं असतं, खरी घासाघीस होते ती पुढचं ठरवताना.

म्हणूनच कुठल्याही ग्रुपचा कोड वाचायचा झाला तर मी सांगेन की तो खालून वर वाचा. आधी अंमलबजावणीचा भाग बघा, तक्रार कुठे करायची, ती कोण वाचणार, माझं नाव गुप्त राहणार का, तक्रार मॉडरेटरविरुद्धच असेल तर कोणाकडे जायचं, आणि निर्णय पटला नाही तर पुढे काय. हे नसेल तर वरचे सुंदर शब्द कितीही असोत, अडचणीच्या दिवशी ते कामाला येणार नाहीत. कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट, जो कोरलाइन अ‍ॅडा एम्के ह्यांनी २०१४ साली सुरू केला आणि पुढे हजारो प्रोजेक्टनी उचलला, त्याच्या २.० आवृत्तीत ह्यासाठी चार पायऱ्या दिल्यात: आधी खासगीत समज, मग इशारा, मग ठरावीक काळाची बंदी, मग कायमची बंदी. मला ही पायऱ्यांची पद्धत पटते कारण पहिल्या चुकीला कोणी उडत नाही आणि दहाव्या चुकीलाही "समज दिली आहे" म्हणून प्रकरण मिटत नाही.

नियमांची भाषा ही दुसरी बघायची गोष्ट. "सभ्य भाषा वापरा" एवढंच लिहिलेलं असेल तर त्रास देणारा माणूस अतिशय सभ्य भाषेत त्रास देतो. एखादीच्या प्रत्येक पोस्टखाली जाऊन "मला फक्त समजून घ्यायचंय" म्हणत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा, तिने उत्तर दिलं की पुरावा मागायचा, पुरावा दिला की तो कसा अपुरा आहे ते सांगायचं, आणि शेवटी ती वैतागून एक वाक्य चढ्या आवाजात बोलली की रिपोर्ट करायचा. नुसता सभ्यतेचा नियम असेल तर कारवाई तिच्यावर होते. म्हणून नियमात वागण्याचा नमुना लिहावा लागतो, उदाहरणार्थ "समोरच्याने थांबा म्हटल्यावरही त्याच विषयावर मागे लागणं चालणार नाही". असं लिहिलं की मॉडरेटरला आवाज मोजत बसायची गरज उरत नाही, थांब म्हटलं होतं का आणि नंतर किती वेळा आला एवढं बघितलं की झालं.

रिपोर्ट आला की आतमधे काय व्हायला हवं तेही सांगतो, कारण बाहेरून हे दिसत नाही. सगळ्यात आधी त्या पोस्टची आणि तिच्या आजूबाजूच्या संभाषणाची प्रत काढून ठेवायची, कारण तासाभरात कोणीतरी एडिट किंवा डिलीट करतंच. मग वर स्क्रोल करून सुरुवातीपासून वाचायचं, रिपोर्ट बहुतेक वेळा शेवटच्या वाक्यावर येतो आणि आग आधीच कुठेतरी लागलेली असते. मग स्वतःला विचारायचं की ह्या दोघांपैकी कोणाशी माझी मैत्री किंवा जुनं भांडण आहे का, असेल तर केस दुसऱ्या मॉडरेटरकडे द्यायची आणि त्याच्या निर्णयात लुडबुड करायची नाही. तक्रार करणाऱ्याला लगेच दोन ओळी लिहायच्या की तुमचा रिपोर्ट मिळालाय आणि अमुक दिवसापर्यंत उत्तर देऊ. हे दोन ओळींचं काम सगळ्यात जास्त राहून जातं आणि माणसं दुखावतात ती बहुतेक ह्याच शांततेमुळे. दोघांशी वेगवेगळं बोलायचं, सगळ्यांसमोर खटला चालवायचा नाही. निर्णय झाला की ज्याच्यावर कारवाई झाली त्याला लिहून द्यायचं: कुठली पोस्ट, कुठला नियम, काय कारवाई, किती काळ, अपील कुठे. "कम्युनिटी गाइडलाइन्स मोडल्यामुळे" एवढ्या एका ओळीवर माणसाला बाहेर काढणं मला अन्यायच वाटतो, मग तो माणूस कितीही चुकलेला असो.

हे फक्त माझं मत नाही. २०१८ मधे काही संस्था आणि अभ्यासकांनी मिळून काढलेल्या सँटा क्लारा तत्त्वांमधे कंपन्यांकडे तीन गोष्टी मागितल्या होत्या: किती मजकूर काढला त्याचे आकडे जाहीर करा, ज्याचा काढला त्याला कळवा, आणि त्याला अपीलची संधी द्या. युरोपियन युनियनने तर डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टमधे, जो १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला, हे कायद्यातच घातलं. मजकूर काढला किंवा अकाउंट बंद केलं तर कारण स्पष्ट सांगायचं, आणि छोट्या कंपन्या सोडल्या तर प्लॅटफॉर्मने निर्णयानंतर निदान ६ महिने तक्रार करायची सोय ठेवायची, आणि त्या तक्रारीचा निकाल नुसत्या मशीनवर सोडायचा नाही.

मघाशी घरमालकाचं सांगितलं ते इथे येतं. २०२३ च्या जूनमधे रेडिटने बाहेरच्या अ‍ॅप्सकडून एपीआयचे, म्हणजे रेडिटवरचा मजकूर त्या अ‍ॅप्समधे आणायच्या सोयीचे, भरमसाठ पैसे घ्यायचं ठरवलं, निषेध म्हणून ८,००० हून जास्त सबरेडिट, म्हणजे रेडिटवरचे ग्रुप, मॉडरेटरांनी बंद ठेवले. हे सगळे मॉडरेटर बिनपगारी, नियम त्यांनी लिहिलेले, माणसं त्यांनी जमवलेली. कंपनीने मॉडरेटर कोड ऑफ कंडक्टचा आधार घेऊन सांगितलं की सबरेडिट उघडा नाहीतर तुमच्या जागी दुसरे मॉडरेटर येतील, आणि बहुतेकांना उघडावे लागले. तेव्हा ग्रुप कुठे चालवायचा हे ठरवतानाच बघून ठेवा की सदस्यांची यादी आणि जुना मजकूर बाहेर नेता येतो का.

आणि तुमच्यावरच कारवाई झाली तर आधी शांतपणे तो मेसेज सेव्ह करा. अपीलमधे समोरचा कसा वाईट आहे हे लिहू नका, तो मुद्दा तपासायला दुसरी तक्रार लागते. कुठली पोस्ट, त्यांनी कुठला नियम लावला, तो का लागू होत नाही किंवा शिक्षा जास्त का आहे, एवढंच लिहा, सोबत वरच्या संभाषणाचे स्क्रीनशॉट जोडा आणि मुदत संपायच्या आत पाठवा. तुमच्या डेटाची कॉपी मात्र आजच, सगळं सुरळीत चालू असताना, सेटिंगमधे जाऊन डाउनलोड करून ठेवा, कारण अकाउंट बंद झाल्यावर बऱ्याच ठिकाणी लॉगिनच होत नाही आणि ते बटन लॉगिनच्या आत असतं.